भिंगरीची वाट

करंजमाळच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याला पिंजरा म्हणायचं नाही, असा केतकी ढवळीकरचा दंडक होता. 'घर' म्हणायचं. चुकेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हा दंडक गमतीचा होता की गंभीर, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण निवृत्तीमामांनी पहिल्याच महिन्यात नऊ वेळा चहा पाजला.

निवृत्ती लोखंडे हे लांडग्यांचे राखणदार. नाव निवृत्ती, आणि माणूस एकोणतीस वर्षं एकाच कामाला चिकटलेला. सोलापूरपासून तासाभरावरच्या या माळावर संग्रहालय उभं राहिलं, तेव्हापासून ते इथेच. त्यांच्याकडे दोन लांडगे होते. नर खंड्या आणि मादी भिंगरी. जुन्या गजांच्या पिंजऱ्यात ती दिवसभर गोल गोल फिरायची, म्हणून मामांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं. खंड्या मधोमध पडून राहायचा आणि ती त्याच्याभोवती फिरायची. दमली की त्याच्या मानेवर हनुवटी टाकून झोपायची.

केतकीला हे फिरणं बंद करायचं होतं. त्यासाठीच तिला पुण्याहून बोलावलं होतं.

ती भूदृश्यं रचणारी. प्राण्यांच्या घरात माती, खडक, पाणी, झाडं कशी मांडायची, हे तिचं शास्त्र. त्याचा इतिहास ती कुणालाही पाच मिनिटांत सांगायची आणि सांगता सांगता चिडायची. आधी गज होते. मग गज गेले, खंदक आले. मग खंदक लपवले, सिमेंटचे खडक रंगवले, मागे बांबूची बेटं लावली, आणि बघणाऱ्याला वाटायला लागलं की आपण जंगलातच उभे आहोत. "अहो, पण हे सगळं कुणासाठी?" केतकी विचारायची. "फोटो काढणाऱ्यासाठी! वाघाच्या मागे हिरवं दिसावं म्हणून. वाघाला त्याच्या जागेवरून काय दिसतं, हे कुणी बघितलंय? आईस्क्रीमची गाडी दिसते!"

तिने हे सगळं उलटं केलं. तिच्या यंत्रणेचं नाव होतं 'अनुदृष्टी'. घराच्या कडेकडेने बसवलेले बारीक कॅमेरे प्राण्याची बुबुळं टिपायचे. नजर कुठे गेली, कुठे थांबली, किती वेळ थांबली, याची नोंद व्हायची. विष्ठेतून आणि श्वासातून ताणाची रसायनं मोजली जायची. नजर एखाद्या ठिकाणी रेंगाळली आणि त्याच वेळी ताण उतरला, की यंत्र समजायचं, हे याला आवडतंय. मग ते भूदृश्य त्या दिशेने वाढायला लागायचं. जमीन म्हणजे मातीने भरलेले मोठाले तक्ते, खालून दिवसाला चार बोटं सरकणारे. खडक बुरशीच्या धाग्यांपासून वाढवलेले, दिसायला काळ्या पत्थरासारखे पण दोघांनी उचलावेत इतके हलके. गवताला पाणी आणि प्रकाश कमीजास्त करून हवं तिथे उंच करायचं, हवं तिथे खुजं ठेवायचं. थोडक्यात, जनावराने डोळ्यांनी सांगायचं आणि जमिनीने ऐकायचं.

यंत्राला सुरुवात करायला मात्र काहीतरी लागतं. उघड्याबोडक्या पिंजऱ्यात जनावर भिंतच बघणार. यंत्राने मग भिंतच वाढवली असती. म्हणून केतकीने राखणदारांसाठी रोजचा तक्ता छापून घेतला. प्रश्न तीन. काय खाल्लं? काय करत होती? काय बघत होती? प्रत्येकापुढे एकेका शब्दापुरता अरुंद रकाना. मामांना लिहायचा मनस्वी कंटाळा, त्यामुळे अरुंद रकाना त्यांना फार आवडला.

पहिल्या महिन्यात शेवटच्या रकान्यात 'खंड्या' यायचं, 'मोर' यायचं, 'शाळेची पोरं' यायचं. एकदा 'ढग, बहुतेक' असंही आलं. केतकी ते वाचून खूप हसली होती.

मग जुने पिंजरे पाडायला घेतले. दोघांना ठेवायला जागा नव्हती. खंड्याला वर्षभराच्या बोलीवर दुसऱ्या राज्यातल्या एका संग्रहालयात पाठवलं आणि भिंगरीला मागच्या फाटकाजवळच्या जाळीच्या शेडमध्ये हलवलं. त्या दिवसापासून मामांच्या तक्त्यात एकच शब्द यायला लागला. काय बघत होती? 'वाट.' दुसऱ्या दिवशी 'वाट.' एकशे बारा दिवस, 'वाट.'

केतकी एकदा मुद्दाम त्या शेडमध्ये गेली आणि भिंगरीच्या उंचीला डोळे आणून उकिडवी बसली. जाळीतून फाटक दिसत होतं, आणि फाटकापलीकडे माळावरून चढत गेलेली पांढुरकी गाडीवाट. भिंगरी पुढचे पाय जुळवून त्या वाटेकडेच बघत होती. केतकीला आनंदाने ओरडावंसं वाटलं. बरोबरच आहे की! लांडगा म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारा प्राणी, आणि चालायला तोही मळलेली वाटच निवडतो. हे पुस्तकात होतं. तक्त्यात होतं. आता डोळ्यांसमोरही होतं. झालं, तिच्या मनाने घेतलं. भिंगरीचं घर वाटेभोवती उभं राहणार.

आणि ते उभं राहिलं. बाई हुशार होती, यात शंका नाही. चाळीस मीटरच्या जागेत तिने मैलभराची वाट बसवली. जवळ रुंद, लांब जाताना चिंचोळी. जवळचं गवत कमरेएवढं, लांबचं बोटभर. बोरीची झुडपं पुढे पुढे खुजी होत गेलेली. शेवटी एक चढ, त्यामागे लपवलेली काच, आणि काचेपलीकडे खरा माळ. बसलेल्या लांडग्याच्या डोळ्यांना ती वाट थेट आभाळापर्यंत गेलेली दिसायची.

जून महिन्यात भिंगरीला आत सोडलं. ती सगळं हुंगत एक फेरी फिरली, वाटेसमोरच्या खडकावर चढली आणि बसली. फिरणं त्या दिवशी बंद झालं. सात वर्षांची सवय एका दिवसात गेली. यंत्राच्या नोंदी हिरव्या आल्या. नजर वाटेवर रोज पाच-पाच तास, आणि ताणाची रसायनं खाली. यंत्र खूश, केतकी खूश. जितकी ती बघत राहिली, तितकी यंत्र ती वाट अधिक लांब भासवत गेलं.

माणूस मात्र भिंगरीला दिसायचा नाही. तसा नियमच होता. मामा जमिनीखालच्या बोळातून ये-जा करायचे आणि खडकातल्या फटीतून बघायचे. एकोणतीस वर्षं जनावरांशी बोलणाऱ्या माणसाला गप्प राहायची शिक्षा झाली होती.

"मॅडम, खंड्या कधी येणार वो?" ते मधूनमधून विचारायचे.

"येईल हो मामा. बघू."

वर्ष संपत आलं तेव्हा तिकडून पत्र आलं. त्यांना खंड्या कायमचा हवा होता. त्यांच्याकडच्या मादीशी जोडी जुळवायची होती. पत्राबरोबर एक कागद होता आणि त्यावर प्रश्न होता, 'मूळ जोडीदाराला या नराची गरज आहे का?' संग्रहालयाचे संचालक डॉ. मुजावर स्वतः जनावरांचे डॉक्टर, सरळ माणूस. त्यांनी कागद केतकीपुढे सरकवला. "नोंदी तुझ्याकडे आहेत, तूच सांग."

केतकीने नोंदी काढल्या. भिंगरीला आत सोडल्यापासून सगळं हिरवं. तिने लिहिलं, 'गरज नाही.' खाली सही केली. हात जरासुद्धा अडखळला नाही, हे तिला पुढे फार लागलं.

ऑगस्टमध्ये पाहणीला एक समिती आली. सहा माणसं बघणाऱ्यांसाठीच्या, आतून आरपार न दिसणाऱ्या काचेमागे उभी राहिली. भिंगरी आपल्या खडकावर, नजर दूर लावून. तिच्याभोवतीचं गवत वाऱ्याने हलत होतं आणि ते सगळं इतकं देखणं दिसत होतं की समितीतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. केतकीने मामांना मुद्दाम पुढे बोलावलं, कारण तक्ता त्यांचा होता आणि श्रेयही त्यांना द्यायचं होतं.

"या मामांमुळे आम्हाला कळलं," ती कौतुकाने म्हणाली. "आमच्या भिंगरीला वाट बघायला फार आवडतं."

मामांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, मॅडम चेष्टा करतात.

"वाट बघायला कुणाला आवडतं वो, मॅडम?"

दोघंतिघं हसले. केतकीही हसली. "अहो, तुम्हीच तर लिहिलंत! एकशे बारा दिवस."

"लिवलं की. तुम्ही इचारलं, काय बघत होती? म्या लिवलं, वाट. खंड्याची वाट बघत होती. रकाना एवढासा तुमचा. त्यात खंड्या मावला न्हाई."

समितीला अजून काही समजलं नव्हतं. कुणीतरी गवताची जात विचारत होतं आणि ती उत्तरही देत होती, पवन्या, कुसळी, डोंगरी, सगळं पाठ होतं तिचं. मनात मात्र एकच शब्द फिरत होता. अगं, तू मराठीच ना? लहानपणी दारात उभी राहून आईची वाट बघितलीस ना? मग तेव्हा काय रस्त्याची खडी मोजत होतीस? वाट म्हटल्यावर तुला रस्ताच कसा दिसला?

समिती गेल्यावर ती जमिनीखालच्या बोळात मामांशेजारी जाऊन बसली.

"मामा, मला नीट सांगायचंत ना."

"मला काय ठावं, तुम्हांला कळलं न्हाई ते?" मामा रागावले नव्हते, तेच तिला सोसवेना. "मी आपला म्हणत होतो, मॅडमना समदं ठावं हाय. खंड्याची गाडी ज्या रस्त्यानं गेली, त्यो रस्ता तयार करून दिला तिला. म्हणलं, आता त्या रस्त्यानं खंड्याला आणणार. म्हणून तर सारखं इचारायचो, कधी येणार."

 

त्याच दिवशी दुपारी तिने डॉ. मुजावरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ भिंगरीच्या वजनाचा आलेख बघत राहिले. एकवीस किलोची लांडगी सोळावर आली होती. उन्हाळा आहे, वय होतंय, असं म्हणून सगळ्यांनी तिकडे काणाडोळा केला होता.

"पण ताण कमी होता ना, डॉक्टर? रसायनं खाली होती."

"ताण सोसून शरीर थकलं की तीसुद्धा खालीच येतात," डॉक्टर म्हणाले. "वजनाबरोबर बघायला हवं होतं. मी बघायला हवं होतं."

केतकीने तिकडच्या संग्रहालयाला फोन केला, पत्र पाठवलं, गयावया केली. माझी चूक झाली, माझी सही चुकली, खंड्या परत द्या. उत्तर सभ्य होतं. नराला नुकतंच मादीजवळ सोडलं आहे, आता हलवता येणार नाही. जोडी जमते का ते पाहू, नंतर विचार करू. नंतर म्हणजे कधी, ते लिहिलं नव्हतं. भिंगरीला तिकडे पाठवावं, तर तिथल्या मादीने तिला जगू दिलं नसतं.

भिंगरी पंधरावर आली. समोर टाकलेल्या मांसाला ती नाक लावायची आणि परत खडकावर जाऊन बसायची. "अजून किलोभर गेलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही," डॉ. मुजावर म्हणाले.

आणि केतकीला ती कल्पना सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं, पण सुचली. वाट उभी करता येते, तर वाटेवरून येणारा का नाही? धुक्याच्या पडद्यावर प्रकाशाने आकृती उभी करता येत होती. खंड्याची जुनी चित्रफीत होती, त्याची चाल होती, आवाज होता. राहिला वास. लांडगा डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विश्वास ठेवतो. वास म्हणजे शेवटी हवेतली रसायनंच; नमुना मिळाला तर यंत्र एकेक घटक सुटा करून तसाच्या तसा पुन्हा बनवू शकत होतं.

नमुना मामांकडे होता. खंड्या ज्या पोत्यावर झोपायचा, ते पोतं त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलं होतं.

"जनावराला फसवू नका, मॅडम."

"ती खाईल, मामा. एकदा पोटात अन्न जायला लागलं की पुढे काहीतरी मार्ग काढू."

"अन् वाईच थांबलं तर? ते लोक म्हणालेत न्हवं, इचार करू?"

"तोवर ती मरेल!" केतकी ओरडलीच. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला नाही हो थांबता येत. माझ्या हाताने झालंय हे."

मामांनी पोतं दिलं. देताना ते दोन्ही हातांत धरून जरा वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं नुकतीच वर आली होती. चढाच्या टोकाशी धुकं उठलं, आणि त्यातून खंड्या आला. मान खाली, डावा खांदा किंचित झुकलेला. हुबेहूब. वाऱ्याबरोबर वास सुटला. भिंगरी ताडकन उभी राहिली. तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की फटीतून बघणाऱ्या मामांनी तोंडात पदर कोंबावा तसा खांद्यावरचा पंचा कोंबला. ती धावली. दीड वर्षात ती अशी धावली नव्हती. गवतातून, वाटेवरून, शेपूट हलवत, कान मागे टाकून. खुज्या झुडपांशी ती पोहोचली, तेव्हा ती झुडपं तिच्या गुडघ्याएवढीच होती. ती धुक्यात शिरली, आरपार गेली आणि काचेवर आपटली.

तिने माती हुंगली. काच हुंगली. पुन्हा धुक्यात आली. मग तिथेच गोल गोल फिरत राहिली. पण दुपारी ती जेवली. सगळं मांस संपवलं.

आता कोण थांबणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा खंड्या आला, तीही धावली, कमी वेगाने. तिसऱ्या दिवशी ती चालत गेली आणि धुक्याच्या अलीकडेच थांबली. चौथ्या दिवशी खंड्या वाटेवर उभा होता, हाक मारत होता, वास सगळीकडे दरवळत होता, आणि भिंगरीने एकदा मान वर करून बघितलं. मग मान फिरवली आणि खडकाच्या सावलीत जाऊन पडली.

केतकीने धुकं बंद केलं. पुन्हा कधी लावलं नाही.

भिंगरी मात्र जेवत राहिली. वजन सोळा झालं, सतरा झालं. सगळे म्हणाले, सावरली. ती वाटेकडे बघेनाशी झाली होती. समोर पाखरू आलं तरी बघायची नाही. यंत्र तिच्या नजरेची दिशा शोधत राहायचं आणि त्याला काही सापडायचं नाही, त्यामुळे जमीन सरकायची थांबली. केतकी रोज काचेमागे उभी राहून स्वतःला समजवायची, जगली ना? मग झालं तर.

धुकं पहिल्यांदा उठलं, त्यानंतर बाराव्या दिवशी तिकडून पत्र आलं. 'आपल्या नराचं आमच्या मादीशी जमत नाही. तो खाणं टाकून दाराशी बसून असतो. आपली पूर्वीची विनंती लक्षात घेऊन त्याला परत पाठवत आहोत.'

बारा दिवस. केतकीने पत्र दोनदा वाचलं आणि तिला हुंदका फुटला. तिचं रडणं ऐकून डॉ. मुजावर आपल्या खोलीतून बाहेर आले, आणि पत्र वाचून तेही खाली बसले. मामांनी तेवढं म्हटलं, "येऊ तर द्या. खरा तो खराच की."

खंड्या आला तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. त्याला चढाच्या मागच्या दारातून सोडलं. थकला होता, तोंडावरचे केस पांढरे झाले होते. त्याने एकदा हवा हुंगली आणि त्याला समजलं. मग तो जो निघाला, तो थांबलाच नाही. वाट संपवून खडकापाशी आला. भिंगरी सावलीत पडली होती. त्याच्या पावलांचा आवाज येत होता, अंगाचा वास येत होता. तिने डोळे अर्धवट उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

खंड्या कण्हला. तिच्याभोवती एक फेरी फिरला. तिच्या पुढ्यात पोट टेकवून बसला, पंज्याने तिच्या पंज्याला शिवला. ती उठली, चार पावलं पलीकडे गेली आणि त्याच्याकडे पाठ करून पडली.

काचेमागे केतकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तेवढ्यात जमिनीखालच्या बोळातून, खडकाच्या फटीतून, सगळे नियम झुगारून मामांचा आवाज फुटला.

"भिंगरे! आगं, बघ की! खरा हाय ह्यो! आगं, खरा हाय!"

खंड्याने आपलं ओलं नाक तिच्या कानाला लावलं. भिंगरीने माशी उडवावी तसा तो कान झटकला.